फोर्ड मस्टँगचे मॉडेल वर्ष सुट्या भागांवरील क्रमांकांवरून कसे ठरवावे

जुन्या मोटारीचे मॉडेल वर्ष ठरवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते, आणि ते म्हणजे एकाच गाडीशी चार वेगवेगळी वर्षे जोडलेली असतात व पाहणारा त्यांतले जे प्रथम नजरेस पडेल त्यालाच गाडीचे वर्ष मानून मोकळा होतो. त्यांपैकी पहिले वर्ष एखाद्या भागाचा आराखडा ज्या मॉडेल वर्षासाठी तयार झाला त्याचे, दुसरे तो भाग कारखान्यात प्रत्यक्ष ओतला किंवा जोडला गेला त्याचे, तिसरे कंपनीने ती गाडी ज्या मॉडेल वर्षाची म्हणून बाजारात आणली त्याचे आणि चौथे ती गाडी पहिल्यांदा नोंदवली गेली त्याचे असते. आरसी बुकातले उत्पादनाचे वर्ष आणि नोंदणीची तारीख यांत अंतर असू शकते हे भारतीय वाचकाला ठाऊक असते. पण अमेरिकी मोटारींच्या बाबतीत ‘मॉडेल वर्ष’ ही आणखी वेगळी गोष्ट आहे. तेथे पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तयार होऊ लागे, त्यामुळे नोव्हेंबर 1964 मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी 1965 चीच मानली जाते आणि त्यात कोणतीही विसंगती नसते.

सुट्या भागांवरील क्रमांकांवरून वर्ष शोधण्याची पद्धत समजून घेण्यासाठी फोर्ड मस्टँगच्या पहिल्या दोन मॉडेल वर्षांइतके, म्हणजे 1965 आणि 1966 इतके, चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. मस्टँगचे उत्पादन 9 मार्च 1964 रोजी मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे सुरू झाले आणि 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पहिल्याच मॉडेल वर्षात सुमारे 6 लाख 80 हजार गाड्या तयार झाल्या. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन असे असंख्य भाग फोर्डच्याच फाल्कन आणि फेअरलेन या गाड्यांशी जुळणारे असल्यामुळे गेल्या साठ वर्षांत या गाड्यांचे भाग एकमेकांत मोठ्या प्रमाणावर बदलले गेले आहेत. म्हणूनच एका भागाच्या क्रमांकावर विसंबून वर्ष सांगणे धोक्याचे ठरते, आणि अनेक क्रमांक एकमेकांशी ताडून पाहिले तर तेच क्रमांक विश्वासार्ह पुरावा होतात. हे क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर रोमन अक्षरांत असतात. येथे ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

फोर्डच्या भागांचा क्रमांक तीन तुकड्यांत वाचावा लागतो. ‘सी-5-ए-ई – 6015 – ई’ हा इंजिन ब्लॉकवर ओतलेला क्रमांक घेतला, तर त्याच्या पहिल्या तुकड्यातील पहिले अक्षर दशक दाखवते: बी म्हणजे 1950 चे दशक, सी म्हणजे 1960 चे, डी म्हणजे 1970 चे, आणि हाच क्रम पुढे 1990 च्या दशकातील एफपर्यंत चालला. त्यानंतरचा अंक त्या दशकातील वर्ष सांगतो, म्हणजे सी-5 हे 1965 झाले. तिसरे अक्षर तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी तयार झाला ते सांगते. झेड म्हणजे मस्टँग, डी म्हणजे फाल्कन, ओ म्हणजे फेअरलेन, ए म्हणजे गॅलेक्सीसारखी मोठी फोर्ड, टी म्हणजे ट्रक आणि एस म्हणजे थंडरबर्ड. चौथे अक्षर त्या भागाची जबाबदारी कोणत्या विभागाकडे होती हे दर्शवते: ई असेल तर इंजिन विभाग, बी असेल तर बॉडी विभाग, एफ असेल तर डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर यांसारखे भाग, आणि झेड असेल तर तो फोर्डच्या विक्रेत्यांमार्फत सुटा भाग म्हणून विकण्यासाठी दिलेला क्रमांक असतो, तर लिंकन-मर्क्युरी विक्रेत्यांसाठी त्या जागी वाय येतो.

मधला तुकडा हा मूळ क्रमांक होय. तो भाग काय आहे एवढेच तो सांगतो आणि वर्षानुवर्षे बदलत नाही: 6015 म्हणजे इंजिन ब्लॉक, 9425 म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, 9510 म्हणजे कार्ब्युरेटर, 12127 म्हणजे डिस्ट्रिब्युटर. शेवटचे अक्षर त्या भागाच्या आराखड्यातील फेरफार किंवा प्रकार दाखवते, ज्यात ए हा पहिला आणि पुढची अक्षरे नंतरची असतात. पहिल्या तुकड्याच्या बाबतीत एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे: दुसऱ्या जागी येते ते शून्य असते आणि तिसऱ्या जागी येते ते ओ हे अक्षर असते, पण ओतीव लोखंडावर दोन्हींचा आकार सारखाच दिसतो, म्हणून चिन्ह कोणते आहे हे आकारावरून नव्हे तर जागेवरून ठरवावे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. पहिल्या तुकड्यातील वर्ष हे आराखड्याचे वर्ष आहे, तो भाग बनल्याचे नव्हे. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष आणि हाती असलेल्या प्रतीच्या छपाईचे वर्ष यांत जो फरक असतो, तोच येथे आहे. सी-5-ए-ई – 6015 – ई हाच ब्लॉक 1965 नंतरच्या मॉडेल वर्षांतही वापरला गेला, त्यामुळे इंजिनावर ‘सी-5’ दिसले म्हणून गाडी 1965 ची, असे म्हणता येत नाही. शिवाय त्यातले तिसरे अक्षर ए असल्यामुळे हा ब्लॉक मोठ्या फोर्डमधून काढून मस्टँगमध्ये बसवला असावा, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरतो, कारण मोठ्या गाडीसाठी आखलेला ब्लॉक कंपनी स्वतःच मस्टँगमध्ये बसवत होती. उलट दिशेनेही हेच लागू होते. 1965 च्या मस्टँगवर सी-3 आणि सी-4 ने सुरू होणारे क्रमांक सापडणे पूर्णतः स्वाभाविक आहे, कारण ते भाग आधीच्या फाल्कन व फेअरलेनसाठी आखले गेले होते. याउलट मार्च 1964 मध्ये तयार झालेल्या मस्टँगच्या खास भागांवर सी-5 असते, कारण ती गाडी दिनदर्शिकेनुसार 1964 ची असली तरी कंपनीच्या हिशेबाने 1965 चीच होती.

यातून एक कामाचा नियम निघतो: गाडीवरील सर्वांत जुना आराखडा-क्रमांक वर्षाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, सांगतो तो सर्वांत नवा. एखाद्या गाडीवरील खात्रीने मूळचे म्हणता येतील अशा भागांमध्ये सी-6 ने सुरू होणारे अनेक क्रमांक आढळले, तर ती गाडी 1965 ची असल्याचा दावा डळमळीत होतो. पण सी-8 असलेला एकच भाग आढळला, तर त्याचा अर्थ केवळ तो भाग पुढे कधीतरी बदलला गेला एवढाच असतो.

भाग प्रत्यक्ष कधी ओतला गेला ते दुसऱ्याच एका छोट्या चिन्हावरून कळते. ओतकामाच्या साच्यात तारखेची छोटी पट्टी बसवलेली असे आणि तिच्यावरची तारीख बदलत जाई. ‘5-सी-12’ या चिन्हातील 5 हे वर्ष, सी हा महिना आणि 12 ही तारीख. म्हणजे 12 मार्च 1965. महिन्यांसाठी जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असा क्रम लावला होता, मात्र आय हे अक्षर 1 या अंकासारखे दिसत असल्यामुळे वगळले होते. त्यामुळे ऑगस्ट एच असला तरी सप्टेंबर जे, ऑक्टोबर के, नोव्हेंबर एल आणि डिसेंबर एम होतो. येथील वर्ष मात्र दिनदर्शिकेचे आहे, मॉडेल वर्षाचे नाही. म्हणून 1965 च्या गाडीच्या ब्लॉकवर 4-एल, म्हणजे नोव्हेंबर 1964, सापडले तर ते शंकेचे नव्हे, खात्रीचे कारण समजावे. एकच अंक असल्यामुळे 5 म्हणजे 1965 की 1975 हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर शेजारच्या आराखडा-क्रमांकातील दशकाच्या अक्षरावरून मिळते. वरच्या उदाहरणातला ब्लॉक ज्याचा आहे ते 289 घनइंचाचे इंजिन 1968 नंतर मस्टँगमध्ये राहिलेच नाही, हेही त्या वेळी लक्षात घ्यावे.

ब्लॉकवरील क्रमांक आणि तारीख इंजिनाच्या उजव्या बाजूस मागे, सेल्फच्या वरच्या भागात असतात आणि बहुधा तेल व धुळीच्या जाड थराखाली दडलेले असतात. सिलिंडर हेडची तारीख टॅपेट कव्हर काढल्यावर दिसते. डिस्ट्रिब्युटरवर क्रमांक ओतलेला नसून बाजूला ठोकलेला असतो आणि त्याच्याजवळ तारखेचे चिन्ह असते. मागच्या अ‍ॅक्सलवर, डिफरन्शियलच्या एका बोल्टखाली, पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली असते, जिच्यावर गिअरचे गुणोत्तर आणि वर्ष, महिना व आठवडा दर्शवणारी चिन्हे असतात. पण पूर्वी कोणी डिफरन्शियल उघडले असेल तर ही पट्टी हरवलेली असण्याची शक्यता मोठी असते. कार्ब्युरेटरच्या पट्टीचीही तीच गत होते.

या सर्व चिन्हांना अर्थ येतो तो चेसिस क्रमांकाशी जोडल्यावर. 1965 आणि 1966 च्या मस्टँगचा चेसिस क्रमांक बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या पुढच्या मडगार्डच्या आतील पत्र्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला दिसतो. न्यूफाउंडलंड येथील वैमानिक स्टॅन्ली टकर यांनी विकत घेतलेली आणि आता डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात असलेली प्रसिद्ध पहिल्या क्रमांकाची मस्टँग याचे उत्तम उदाहरण आहे: 5-एफ-08-एफ-100001. पहिला अंक 5 म्हणजे 1965 हे मॉडेल वर्ष. पहिले एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ज्या जागी आर असेल तर सॅन होजे आणि टी असेल तर मटचन. 08 म्हणजे उघडमीट होणाऱ्या छताची कन्व्हर्टिबल, तर 07 हार्डटॉप आणि 09 फास्टबॅक. पुढचे अक्षर इंजिनाचे. आणि शेवटचा सहा अंकी अनुक्रमांक प्रत्येक कारखान्यात 100001 पासून सुरू होई. मॉडेल वर्ष ठरवण्यासाठी या क्रमांकाच्या पहिल्या अंकाला सर्वाधिक वजन द्यावे, आणि इतर क्रमांकांचे काम त्याला पुष्टी देणे किंवा त्यावर प्रश्न उभा करणे हे आहे, असे समजून चालावे.

ड्रायव्हरच्या दारावर आणखी एक धातूची पट्टी असते, जिच्यावर बॉडीचा प्रकार, रंग, अंतर्गत सजावट, उत्पादनाची तारीख, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स यांची चिन्हे दिलेली असतात. येथे एक सापळा आहे आणि त्यात नवे खरेदीदार नेहमी अडकतात. बॉडीच्या रकान्यात 65-ए असे लिहिलेले असते आणि ते 1965 म्हणून वाचले जाते. प्रत्यक्षात 65 हा हार्डटॉप बॉडीचा सांकेतिक अंक आहे आणि 1966 च्या हार्डटॉपवरही तोच असतो. फास्टबॅकसाठी 63-ए आणि कन्व्हर्टिबलसाठी 76-ए ही चिन्हे आहेत. त्यांचा 1963 किंवा 1976 शी काही संबंध नाही. दारांसारख्या बॉडीच्या भागांच्या क्रमांकांतही हेच 65, 63, 76 मूळ क्रमांकाच्या सुरुवातीला येतात, त्यामुळे हा गैरसमज दोन ठिकाणी एकदम पक्का होतो. तारखेच्या रकान्यात दिवस आणि महिन्याचे अक्षर असते, परंतु वर्ष नसते. मॉडेल वर्षाचे उत्पादन बारा महिन्यांहून अधिक चालले तर गोंधळ होऊ नये म्हणून महिन्यांची दुसरी अक्षरमाला ठेवलेली होती, ज्यात जानेवारीला एन, फेब्रुवारीला पी, मार्चला क्यू आणि एप्रिलला आर येतो. 1965 च्या मस्टँगचे उत्पादन मार्च 1964 पासून 1965 च्या उन्हाळ्यापर्यंत चालले असल्यामुळे या गाड्यांच्या बाबतीत ही दुसरी माला ठाऊक असणे आवश्यक ठरते.

मस्टँगच्या चाहत्यांमध्ये ज्या गाड्यांना ‘साडेचौसष्ट’ म्हणजे 1964½ म्हटले जाते, त्यांचा प्रश्न येथे सोडवून टाकणे योग्य होईल. कंपनीने असे मॉडेल वर्ष कधी दिलेच नव्हते. त्या सर्व गाड्यांचा चेसिस क्रमांक 5 नेच सुरू होतो. मार्च 1964 पासून त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नेहमीचे 1965 चे उत्पादन सुरू होईपर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी हे नाव रूढ झाले. चेसिस क्रमांकातील इंजिनाचे अक्षर यू, एफ किंवा डी असेल, तर गाडी या आरंभीच्या काळातील आहे, कारण अनुक्रमे 170 घनइंचाचे सहा सिलिंडरचे, 260 घनइंचाचे आठ सिलिंडरचे आणि 289 घनइंचाचे चार बॅरलचे ही इंजिने तेवढ्याच काळात दिली गेली. त्यानंतर टी, सी आणि ए ही अक्षरे आली. के हे अक्षर असलेले शक्तिशाली 289 जून 1964 पासून दोन्ही काळांत आढळते, म्हणून त्यावरून भेद करता येत नाही. 09 हे फास्टबॅकचे चिन्ह असेल तर गाडी आरंभीच्या काळातली असू शकत नाही, कारण फास्टबॅक नंतर आली. भागांच्या बाजूने पाहिले तर आरंभीच्या गाड्यांत डायनमो, म्हणजे जनरेटर, होता आणि डॅशबोर्डवरील इशाऱ्याच्या दिव्यावर त्याची ‘जीईएन’ ही अक्षरे होती, तर नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर आला. आणि आठ सिलिंडरच्या आरंभीच्या ब्लॉकला क्लच हाऊसिंग पाच बोल्टांनी जोडलेले असते, नंतरच्या ब्लॉकला सहा बोल्टांनी. बोल्टांची ही मोजणी गाडीखाली वाकून दोन मिनिटांत करता येते, आणि एखादा विक्रेता साडेचौसष्टची किंमत मागत असेल तर ती करायलाच हवी.

ही सर्व माहिती एकत्र कशी लावायची ते एका कल्पित गाडीवरून पाहता येईल. समजा, चेसिस क्रमांक 5-आर-07-सी ने सुरू होतो. म्हणजे 1965 चे मॉडेल, सॅन होजेचा कारखाना, हार्डटॉप, दोन बॅरलचे 289 इंजिन. दारावरील पट्टीवर 65-ए आणि 16-आर आहे, म्हणजे 16 एप्रिल 1965. ब्लॉकवर सी-5-ए-ई आणि 5-सी-12 आहे, डिस्ट्रिब्युटरवरही मार्च 1965 चे चिन्ह आहे, पण एका हेडवर 6-ई-4 आहे. ब्लॉक 12 मार्चला ओतला गेला आणि गाडी सुमारे पाच आठवड्यांनी तयार झाली, हे अंतर अगदी पटण्यासारखे आहे, कारण ओतलेला भाग घासून, जोडून, इंजिन तयार होऊन दूरच्या कारखान्यात पोहोचायला काही आठवडे लागतच. हेड मात्र 4 मे 1966 चे आहे, म्हणजे गाडी बनल्यानंतर वर्षभराने ओतलेले, आणि म्हणून ते निश्चितपणे बदललेले आहे. यावरून गाडी 1966 ची ठरत नाही. ती 1965 चीच राहते आणि तिचे एक हेड मूळचे नाही, एवढेच सिद्ध होते. कसोटी एकाच वाक्यात सांगायची तर, मूळ भागाची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीची असली पाहिजे. ती काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी आधीची असेल तर संशयाला जागा नाही, वर्षभर आधीची असेल तर प्रश्न विचारावा, आणि नंतरची असेल तर तो भाग बदललेला आहे हे निःशंकपणे मानावे.

येथे तारखांवर इतका भर देण्याचे कारण असे की, फोर्डने सर्व इंजिनांवर चेसिस क्रमांक ठोकायला 1968 पासून सुरुवात केली. त्याआधीच्या सर्वसाधारण इंजिनांवर तो नसे. भारतात आरसी बुकात इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक शेजारी-शेजारी पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, परंतु 1965 च्या नेहमीच्या मस्टँगमधले इंजिन तिचेच आहे हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे ओतकामाची तारीख होय.

क्रमांक वाचण्याचे काम घाईने करू नये. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी थर सैल करून कापडाने पुसावा. ग्राइंडर, वाळूचा मारा किंवा जाड पॉलिश पेपर यांनी अक्षरे झिजतात, आणि एकदा झिजलेली अक्षरे परत मिळत नाहीत. ओतलेली अक्षरे पृष्ठभागाच्या वर उचललेली असतात, म्हणून त्यांच्यावर खडू आडवा फिरवला की अक्षरांचे माथे पांढरे होऊन ती उठून दिसतात. ठोकलेली अक्षरे खोल असतात, म्हणून त्यांच्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवावी. सेल्फच्या वरची जागा अरुंद असल्यामुळे तेथे छोटा आरसा लागतो. बी आणि 8, 5 आणि एस या जोड्या झिजलेल्या लोखंडावर एकमेकींसारख्या दिसतात, आणि तारखेच्या चिन्हात कोणत्या जागी अंक व कोणत्या जागी अक्षर येते हे ठाऊक असेल तरच त्यांचा उलगडा होतो. प्रकाश समोरून न टाकता बाजूने टाकून छायाचित्र घ्यावे, आणि वाचलेला अर्थ नव्हे तर दिसलेले चिन्ह जसेच्या तसे वहीत उतरवावे.

नकली पट्ट्यांबद्दल सावध राहणे गरजेचे आहे. दारावरील पट्ट्या नव्याने बनवून मिळतात, कारण अपघातात किंवा रंगकामात हरवलेल्या पट्टीच्या जागी दुसरी लावणे हे प्रामाणिक पुनर्बांधणीचाही भाग आहे. त्यामुळे पट्टी चकचकीत आणि तिचे रिव्हेट नवे असतील तर तिच्यावरील मजकुराला पुरावा न मानता दावा मानावे. पुनर्निर्मित भागांवर मूळ क्रमांक जसाच्या तसा आढळू शकतो. त्यामानाने आतील पत्र्याच्या कडेवरचा ठोकलेला चेसिस क्रमांक अधिक विश्वासार्ह असतो, पण त्याच्या आसपास वेल्डिंगची रेघ, घासलेला पत्रा किंवा एका अंकाची वेगळी खोली दिसली तर व्यवहार तेथेच थांबवावा. चेसिस क्रमांकात फेरफार असलेली गाडी ही इतिहासाच्या नव्हे, कायद्याच्या अडचणीची बाब होते.

शेवटी नोंदींचा विचार करायला हवा. फोर्डने 1965 ते 1972 या मॉडेल वर्षांसाठी काढलेला भागांचा मोठा कॅटलॉग मूळ क्रमांकावरून भाग शोधण्यासाठी सर्वांत उपयुक्त आहे. मात्र त्यातील क्रमांक हे विक्रीचे क्रमांक आहेत आणि भागावर ओतलेला क्रमांक आराखड्याचा, त्यामुळे दोन्ही अक्षरशः जुळले नाहीत तर गडबडून न जाता मधला मूळ क्रमांक आणि वर्षाचा अंक यांवर लक्ष द्यावे. 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी कंपनीच्या उत्पादन नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत आणि चेसिस क्रमांक देऊन त्या गाडीचा अहवाल विकत मिळतो. 1965 आणि 1966 साठी अशा नोंदी उपलब्ध नाहीत. त्या दोन वर्षांच्या गाडीचा सौदा ठरवण्याआधी ब्लॉक, दोन्ही हेड, इनटेक मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर आणि अ‍ॅक्सल यांच्या तारखा एका कागदावर ओळीने लिहून काढाव्यात, त्यांच्या शेवटी दारावरील तारीख लिहावी, आणि वरची प्रत्येक तारीख त्या शेवटच्या तारखेच्या आधी येते की नाही ते पाहूनच किंमत बोलावी.